न दिसणाऱ्या रेषा : कार्बॉक्सिलिक अम्लांच्या रेणुजोड्या आणि भारतीय सूक्ष्मतरंग संशोधन

झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहरापासून काहीशा अंतरावर, १९७४ साली भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा रोहित्रांचा कारखाना सुरू झाला. झाशी म्हटले की मराठी वाचकाच्या मनात नेवाळकरांचा वाडा, किल्ला आणि १८५७ हेच उभे राहते, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील झाशी ही रेल्वेची व अवजड विद्युत् यंत्रांची झाशी आहे. या कारखान्यात घडणाऱ्या शक्तिरोहित्राच्या पोटात तांब्याच्या वेटोळ्यांभोवती कागद गुंडाळलेला असतो आणि तो सारा भार खनिज तेलात बुडवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण होते, कागद जीर्ण होतो आणि दोहोंतून कार्बॉक्सिलिक अम्ले उत्पन्न होतात. त्यांपैकी फॉर्मिक व ॲसिटिक ही लहान अम्ले बहुतांशी कागदातच मुरतात आणि ओलाव्याच्या सोबतीने सेल्युलोजची साखळी तोडण्यास हातभार लावतात. म्हणून सेवेत असलेल्या रोहित्राच्या तेलाची आम्लता ठरावीक काळाने तपासण्याचा प्रघात आहे.

तेलासारख्या अध्रुवीय द्रवात या अम्लांचा कल एकेकट्याने नव्हे तर जोडीने राहण्याकडे असतो. दोन रेणू समोरासमोर येतात, एकाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे वळतो, दुसऱ्याचा पहिल्याकडे, आणि आठ अणूंचे एक कडे तयार होते. विश्वकोशाच्या परिभाषेत यास द्विवारिक म्हणतात. आज शाळेच्या वरच्या वर्गातील पुस्तकातही हे कडे काढून दाखवलेले असते, त्यामुळे ते कोणी व कसे पाहिले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता वाट झाशीहून अलाहाबादला, तेथून ओटावाला आणि परत येताना मराठवाड्याला जाते. भारतीय भौतिकीच्या इतिहासात तिची नोंद फारच तुटक आहे.

प्रश्न मुळात बाष्पाच्या वजनाचा होता. ॲसिटिक अम्लाचा रेणुभार ६०. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच रसायनज्ञांनी उकळबिंदूच्या जवळपास त्याच्या बाष्पाची घनता मोजली, तेव्हा ती अपेक्षेच्या सुमारे दीडपट भरली. तापमान वाढवीत नेले की ती उतरत जाई आणि २५० अंश सेल्सिअसच्या पुढे रेणुभाराशी जुळे. फॉर्मिक अम्लाचेही असेच होते. १८७९ साली विलार्ड गिब्ज यांनी या दोन अम्लांची व अन्य काही पदार्थांची बाष्पघनता आपल्या ऊष्मागतिकीच्या साह्याने तपासली. बाष्पात दुहेरी व एकेरी रेणूंचा समतोल असतो, उष्णतेने दुहेरी रेणू फुटतात, या गृहीतावर त्यांचे गणित मापनांशी जुळले. जोडी आहे एवढे त्यातून कळले. तिला बांधून ठेवणारे काय, हे कळायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. १९२० साली बर्कली येथील लॅटिमर व रोडेबुश यांनी दोन अणूंच्या मध्ये राहून दोघांनाही धरणाऱ्या हायड्रोजनची कल्पना मांडली, आणि १९३४ साली पॉलिंग व ब्रॉकवे यांनी फॉर्मिक अम्लाच्या बाष्पातून इलेक्ट्रॉनांचा झोत पाठवून त्याच्या विवर्तनावरून कड्याचा आकार काढला. एका रेणूच्या ऑक्सिजनपासून दुसऱ्याच्या ऑक्सिजनपर्यंतचे अंतर सुमारे २.७ अँगस्ट्रॉम आले. अशी जोडी तोडण्यास दर मोलास सुमारे ६० किलोज्यूल ऊर्जा लागते. सामान्य रासायनिक बंधाच्या मानाने ही अल्पच, पण दोन तटस्थ रेणूंमधील आकर्षण म्हणून फार मोठी.

दुसऱ्या महायुद्धाने रडारसाठी सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी निर्माण करणारी उपकरणे घडवली आणि युद्ध संपताच ती प्रयोगशाळांच्या हाती पडली. वायूतील रेणू स्वैर गतीने फिरत नाही, त्याच्या परिभ्रमणाच्या ऊर्जा ठरलेल्या असतात. एका ऊर्जेतून दुसरीत जाताना तो नेमक्या कंप्रतेची सूक्ष्मतरंग लहर शोषतो. या कंप्रतांवरून रेणूचे निरूढी परिबल मिळते आणि निरूढी परिबलावरून अणूंची अंतरे. रेणूचा आकार मोजण्याचे याहून काटेकोर साधन त्या काळी नव्हते. (‘निरूढी’, ‘परिबल’, ‘कंप्रता’ हे शब्द विश्वकोशाने रुळवले. मराठी विज्ञानलेखकांनी ते जेवढे वापरावयास हवे होते तेवढे वापरले नाहीत, ही खंत अस्थानी नाही.)

परंतु या साधनाची एक अट असते. लहरीच्या विद्युत् क्षेत्राला रेणूवर पकड घ्यायची तर रेणूला कायम द्विध्रुव परिबल असले पाहिजे, म्हणजे त्याच्या एका अंगास किंचित धन व दुसऱ्या अंगास किंचित ऋण भार हवा. फॉर्मिक अम्लाच्या एकट्या रेणूला ते आहे. त्याच्यासारखाच दुसरा रेणू त्याच्यासमोर उलटा येऊन बसला की दोघांची परिबले एकमेकांस छेदून शून्य होतात. बाष्पघनतेने जिचे अस्तित्व शतकभर सांगितले, विवर्तनाने जिचा आराखडा काढला, ती जोडी सूक्ष्मतरंग वर्णपटात मुकी राहते. तिच्या रेषा उमटतच नाहीत.

या अडचणीवर तोडगा निघाला तो कॅनडात. ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत गेरहार्ट हर्झबर्ग यांच्या नेतृत्वाखाली वर्णपटविज्ञानाचे केंद्र उभे राहिले होते आणि तेथे सी. सी. कॉस्टेन सूक्ष्मतरंगांचे काम पाहत. १९६१ साली ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’मध्ये कॉस्टेन व जी. पी. श्रीवास्तव यांचा एक छोटा निबंध आला. विषय होता ट्रायफ्ल्युओरोॲसिटिक व फॉर्मिक या दोन भिन्न अम्लांच्या जोडीचा परिभ्रमण वर्णपट. युक्ती साधी होती. समान रेणूंची जोडी मुकी असते, तर असमान रेणूंची जोडी लावावी. ट्रायफ्ल्युओरोॲसिटिक अम्लाच्या एका टोकास तीन फ्ल्युओरीन अणू आहेत, त्यामुळे या जोडीची परिबले एकमेकांस छेदून जात नाहीत. दोन बाष्पे एकत्र केली की भांड्यात एकेरी रेणूही असतात आणि दोन तऱ्हेच्या समान जोड्याही. परंतु समान जोड्या गप्प राहतात, आणि असमान जोडी लांबट, जवळजवळ दांडीसारखी असल्याने तिचे शोषण ठरावीक अंतरावर पुनःपुन्हा येणाऱ्या पट्ट्यांच्या रूपाने ओळखता येते. पट्ट्यांमधील अंतरावरून दांडीची लांबी कळते, आणि लांबीवरून दोन अम्लांमधील हायड्रोजन बंधाची.

त्या रेषा नव्हत्या, पट्टे होते, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे. खोलीच्या तापमानाला अशी जोडी सतत हेलकावे खात असते. प्रत्येक हेलकाव्याच्या अवस्थेत तिचे निरूढी परिबल किंचित निराळे असते आणि शेकडो रेषा एकमेकींवर चढून रुंद पट्टा बनतो. तरीही १९६४ साली याच दोघांनी हायड्रोजन बंधाने जोडलेल्या रेणूंच्या सूक्ष्मतरंग वर्णपटावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. हायड्रोजन बंधाने बांधलेल्या रेणुसंकुलाचे परिभ्रमण वायुस्थितीत मोजण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याचे स्थान आहे. त्यानंतर १९७२ साली हायड्रोजन फ्ल्युओराइडच्या जोडीवरील डाइक, हॉवर्ड व क्लेम्परर यांचे काम आणि त्या दशकाच्या मध्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील लेगन व मिलेन यांचे काम येईपर्यंत या वाटेवर वर्दळ फारशी नव्हती.

यातील श्रीवास्तव हे नाव भारतीय वाचकाने थांबून पाहावे असे आहे. १९५० च्या दशकातील अलाहाबाद विद्यापीठाच्या शोधनिबंधांत कृष्णाजी यांच्या नावासोबत तेच नाव आढळते. मेघनाद साहांच्या अध्यापनाने (१९२३ ते १९३८) नावारूपास आलेल्या आणि पुढे के. एस. कृष्णन यांचे वास्तव्य लाभलेल्या या विभागात, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात कृष्णाजींनी सूक्ष्मतरंगांचे संशोधन रुजवले. त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता वर्णरेषेची रुंदी. वायूतील रेणू एकमेकांवर आदळतात. प्रत्येक आघाताने परिभ्रमणात खंड पडतो आणि रेषा रुंदावते. म्हणजे रेषा किती रुंद आहे यावरून दोन रेणू एकमेकांस किती दुरून खेचतात याचा अंदाज करता येतो. क्षणभर आदळून दूर होणारे रेणू हा अलाहाबादचा विषय, आदळून एकमेकांस धरून बसणारे रेणू हा ओटावाचा. दोहोंतील अंतर वरवर वाटते तेवढे नाही. रेणूंमधील आकर्षणाचे माप लहरींच्या शोषणातून काढायचे, ही सवय दोन्ही ठिकाणी एकच होती.

येथे झाशीकडे पुन्हा पाहणे आवश्यक ठरते. बुंदेलखंड विद्यापीठाची स्थापना १९७५ सालची, म्हणजे रोहित्रांच्या कारखान्यानंतरची. त्यापूर्वी झाशीच्या ज्या विद्यार्थ्यास भौतिकीत संशोधन करायचे असेल त्याला गाव सोडावेच लागे, आणि त्यातली एक वाट माणिकपूरवरून अलाहाबादला जाणाऱ्या लोहमार्गाची होती. सूक्ष्मतरंगांचे उपकरण तर त्या काळी अलाहाबादसारख्या मोजक्याच ठिकाणी होते. क्लायस्ट्रॉन, तरंगवाहिनी, निर्वात पंप, स्थिर वीजपुरवठा, यांतले काहीही बाजारात सहज मिळणारे नव्हते आणि ते जुळवण्यात उमेदवाराची पहिली वर्षे खर्ची पडत. भारतीय विज्ञानाचा इतिहास रामन, साहा, बोस या नावांभोवती फिरतो. १९५० च्या दशकात उपकरण जुळवून चिकाटीने रेषा मोजणाऱ्यांची पिढी त्यात एखाद्या वाक्यात आटोपते. त्या पिढीतील एकाचे नाव असलेला निबंध साठ वर्षांनंतरही त्या विषयाच्या संदर्भसूचीत आरंभी येतो, आणि तो भारतात मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो. याचे खापर परदेशी ग्रंथकारांवर फोडता येणार नाही. त्यांनी निबंध उद्धृत केला आहे. येथल्या इतिहासकारांनी तो वाचलेला नाही.

पुढची कथा उपकरणाच्या क्रांतीची आहे. १९७९ साली इलिनॉय विद्यापीठात बॅले व फ्लायगेअर यांनी वायूची थेट मोजणी सोडून त्याचा बारीक फवारा निर्वात पोकळीत सोडला. प्रसरण पावताना वायू परम शून्याच्या काही अंश वरपर्यंत थंड होतो, रेणूंचे हेलकावे थांबतात, नाजूक जोड्या टिकून राहतात आणि पट्ट्यांच्या जागी अतिशय बारीक रेषा मिळतात. झुरिकमध्ये बाउडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तऱ्हेने कार्बॉक्सिलिक अम्लांच्या जोड्या पुन्हा तपासून १९९० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीस वर्षांपूर्वीच्या पट्ट्यांत जे दडले होते ते आता एकेका रेषेने सुटे झाले. इलिनॉयच्याच परंपरेत गुटॉव्स्की यांच्यासमवेत काम केलेले ई. अरुणन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असे उपकरण उभारले. हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय रसायन संघाने नेमलेल्या गटाचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते, आणि ती व्याख्या २०११ साली प्रसिद्ध झाली.

अम्लांच्या जोडीत हायड्रोजन कोणाचा, हा प्रश्न मात्र आणखी काळ उरला. कड्यातील दोन्ही हायड्रोजन एकाच वेळी आपापली जागा सोडून समोरच्या ऑक्सिजनकडे सरकले तर जोडी पुन्हा पहिल्यासारखीच दिसते. मधली ऊर्जेची भिंत ओलांडण्याइतकी शक्ती नसतानाही पुंज यांत्रिकीनुसार ते भिंतीतून आरपार जाऊ शकतात, आणि या येरझाऱ्यांची खूण म्हणून प्रत्येक रेषा दुभंगते. फॉर्मिक व ॲसिटिक अम्लांच्या जोडीत ही दुभंग २०११ साली मोजली गेली. परंतु सर्वांत साधी जी जोडी, फॉर्मिकची फॉर्मिकशी, ती समान असल्याने मुकीच होती. २०१९ साली वाल्टर कामिनाटी, रोल्फ मेयर आदींनी तिला बोलते केले. त्यांनी एका रेणूतील कार्बनला जोडलेल्या साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, बसवला. रासायनिकदृष्ट्या जोडी तीच राहिली, पण वजनातील तेवढ्या फरकाने तिला अगदी अल्प द्विध्रुव परिबल आले, आणि तेवढ्यावर तिच्या रेषा दिसल्या. दुभंग ३३१.२ मेगाहर्ट्झ भरली. हिशेब केला तर दोन हायड्रोजनांच्या एका अदलाबदलीस सुमारे दीड नॅनोसेकंद लागतो. १९६१ ची युक्तीच येथे अधिक नाजूक हाताने वापरली गेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात या विषयाने निराळे वळण घेतले, आणि ते वायूऐवजी द्रवाकडे होते. सुरेशचंद्र मेहरोत्रा यांनी १९७० च्या दशकात टेक्सस विद्यापीठातील जेम्स बॉग्ज यांच्यासह परिभ्रमण रेषांच्या रुंदीवर लेखन केले होते. म्हणजे अलाहाबादचाच विषय. पुढे तत्कालीन औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात त्यांनी कालक्षेत्रीय परावर्तनमापनाची प्रयोगशाळा उभी केली. या पद्धतीत एक अतिशय झपाट्याने चढणारा विद्युत् स्पंद समाक्ष तारेतून द्रवाच्या छोट्या कुपीकडे पाठवतात. द्रवावर आपटून परतलेल्या स्पंदाचा आकार बदललेला असतो, आणि त्या बदलावर फूरिए गणित करून १० मेगाहर्ट्झपासून १० गिगाहर्ट्झपर्यंतच्या सर्व कंप्रतांचा प्रतिसाद एकाच मापनातून काढता येतो. कंप्रतेगणिक निराळे क्लायस्ट्रॉन व निराळी तरंगवाहिनी जुळवण्याची गरज त्यामुळे उरली नाही, आणि मर्यादित साधनांच्या विद्यापीठाला हे परवडणारे होते.

या प्रयोगशाळेतून पुराणिक, कुंभारखाने आदी संशोधक घडले. १९९१ साली पुराणिक, कुंभारखाने व मेहरोत्रा यांनी मध व पाणी यांच्या मिश्रणाचे विद्युत् गुणधर्म या पद्धतीने मोजून प्रसिद्ध केले. मध हा विषय ऐकून हसू येण्याची शक्यता आहे; परंतु मधातील शर्करा आणि पाणी यांच्यामधील हायड्रोजन बंधांचे जाळे हाच तेथे अभ्यासविषय होता. पुढे कुंभारखाने यांनी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात हेच काम चालवले. अल्कोहोल, अमाइड आणि पाणी यांच्या जोड्या बदलत, प्रमाण बदलत, तापमान बदलत, द्रवातील रेणू क्षेत्राबरोबर वळायला किती वेळ घेतात हे मोजण्याची एक परंपराच मराठवाड्यात तयार झाली. २५ अंशांना पाण्याला सुमारे ८ पिकोसेकंद लागतात, मिथेनॉलला त्याच्या कितीतरी पट अधिक. कारण वळण्यासाठी आधी शेजाऱ्याशी असलेला बंध सुटावा लागतो.

वायूतील मुकी जोडी द्रवातही आपली खूण ठेवते. पाण्याचा विद्युत् पारगम्यतांक खोलीच्या तापमानाला सुमारे ७८ आहे. फॉर्मिक अम्लाचा ५० च्या वर जातो. त्याचा सख्खा भाऊ असलेल्या ॲसिटिक अम्लाचा मात्र जेमतेम ६ भरतो. दोन्ही रेणूंच्या एकट्या द्विध्रुव परिबलांत एवढा फरक मुळीच नाही. फॉर्मिक अम्लाचे रेणू द्रवात लांब साखळ्या करतात, साखळीत परिबलांची बेरीज होते. ॲसिटिक अम्लाचे रेणू बव्हंशी कडी करून बसतात आणि परिबलांची वजाबाकी होते. द्रवांच्या सिद्धांतात शेजारच्या रेणूंच्या या जुळणीचे माप देणारा एक गुणक आहे, किर्कवुडचा. तो एकाहून अधिक असला की रेणू समांतर उभे असतात, कमी असला की उलटे. औरंगाबाद व नांदेडच्या निबंधांतील तक्त्यांत तो पानोपानी येतो. ओटावाच्या निबंधात पट्ट्यांमधील अंतर जे सांगत होते, त्याच गोष्टीची ही सरासरीतली, कोट्यवधी रेणूंच्या गर्दीतली बाजू आहे. सरासरीत तपशील हरवतो, ही या पद्धतीची मर्यादा. एका जोडीतील अंतर तिच्यातून कधीच मिळणार नाही. उलट, ज्या स्थितीत ही अम्ले प्रत्यक्षात आढळतात, सिरक्यात, तेलात, कागदात, ती स्थिती फवाऱ्याच्या निर्वात पोकळीत कधीच नसते.

झाशीच्या कारखान्यातून बाहेर पडलेले रोहित्र कुठल्याही उपकेंद्रात उभे असो, त्याच्या तेलाचा नमुना तपासला जातो तेव्हा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने घालून, एक ग्रॅम तेलातील अम्ल शमवण्यास ते किती मिलिग्रॅम लागले याचा आकडा लिहितात. अल्क पोहोचताच जोडी सुटते आणि प्रत्येक रेणू एकेकटा मोजला जातो. तेलात तो एकटा होता की दुकटा, हे त्या आकड्यात उतरत नाही.